समुद्रासाठी घडलेलं बी

सोललेल्या नारळाची शेंडी काढली की करवंटीवर तीन डोळे दिसतात. सुरीचं टोक टेकवून पाहा. दोन डोळे दाद देत नाहीत, तिसरा मात्र सहज फुटतो. कोंब बाहेर पडतो तो याच वाटेने. या मऊ डोळ्यामागे खोबऱ्यात रुतलेला भ्रूण एवढ्या मोठ्या नारळाच्या मानाने अगदीच चिमुकला असतो.

नारळ हे फळ आहे. बी त्याच्या पोटात असतं. गुळगुळीत साल, सोडण आणि करवंटी ही फळाची आवरणं. खोबऱ्याच्या पाठीवरचा तपकिरी पापुद्रा हे बीजावरण. खोबरं आणि पाणी म्हणजे भ्रूणपोष, कोंबाची शिदोरी. कोवळ्या शहाळ्यात ती जवळजवळ सगळी द्रवरूप असते. फळ जून होताना त्या द्रवात पेशी तयार होऊन कडेने मलई धरते आणि तिचंच पुढे खोबरं होतं.

एवढी शिदोरी लागते, कारण हे बी रुजतं किनाऱ्यावरच्या निकस वाळूत. रुजताना भ्रूणाचं बीजपत्र फुगून पांढरा, भुसभुशीत गोळा होतो. तो आतली पोकळी भरत खोबरं शोषतो आणि रोपाला कित्येक महिने पोसतो. याउलट सह्याद्रीतल्या सीतेची वेणी या ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं. त्यात भ्रूणपोष नसतोच, त्यामुळे ते वाऱ्यावर उडतं. पण रुजायला त्याला बुरशीची मदत लागते.

नारळ वाऱ्याला पेलणार नाही. त्याला समुद्र वाहून नेतो. सोडणाच्या धाग्यांत हवा असते, म्हणून फळ तरंगतं. हवाईत झालेल्या प्रयोगात 110 दिवस समुद्रात तरंगलेले नारळही रुजले.

पुढे माणूसही नारळाचा वाहक झाला. पोर्तुगीजांनी हिंदी महासागरातले नारळ पश्चिम आफ्रिकेत आणि तिथून कॅरिबियन बेटांवर नेले. माणसाने निवड केली ती गरगरीत, पातळ सोडणाच्या, भरपूर पाण्याच्या फळांची. लांबट, जाड सोडणाचे नारळ त्यात मागे पडले.

समुद्र ओलांडण्याचा गुण मात्र त्या लांबट नारळांतच जास्त. तुमच्या वाडीत असा जुना माड असेल, तर त्याचे सगळे नारळ विकू नका. दोन-चार रोपांसाठी राखून ठेवा.