मोटारीच्या पुढच्या चाकांचा आधार : स्ट्रटची निगा आणि बदल

कार्यालयातील वाहनाच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक मंजुरीसाठी टेबलावर येते, तेव्हा टायर, बॅटरी किंवा ब्रेक या बाबींविषयी अधिकाऱ्याला सहसा शंका येत नाही. मात्र ‘पुढचे स्ट्रट, दोन नग’ अशी नोंद दिसली की लेखणी थबकते. गाडी तर चालते आहे. मग हा खर्च कशासाठी आणि करावयाचाच तर दोन नग कशाला, असे प्रश्न मनात उभे राहतात. प्रवासात थोडे हादरे बसले तर सोसावेत, सरकारी पैसा वाचवावा, अशी त्यामागील भावना असते. भावना चांगली आहे. परंतु स्ट्रट हा केवळ आरामासाठी बसविलेला भाग आहे हा समज मात्र चुकीचा आहे.

हा समज रूढ होण्याचे कारण जुन्या वाहनांत सापडते. अनेक वर्षे जिल्ह्याजिल्ह्यांतून धावलेली जीप पोलादी पाट्यांवर उभी असे. अॅम्बॅसडरमध्ये पुढच्या चाकांवरील भार लांब पोलादी दांड्यांच्या पिळावर पेलला जाई. या वाहनांतील शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील ‘शॉकअप’, निकामी झाला तरी चाक आपल्या जागी धरून ठेवणारे भाग वेगळेच असत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांची ही रचनाच बदलली. पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड येथे टेल्कोने तयार केलेली आणि १९९८ साली बाजारात आलेली इंडिका हीदेखील याच रचनेची. आज कार्यालयांच्या दारात उभ्या असणाऱ्या लहान मोटारींपैकी बहुतेकांत आणि शाळकरी मुलांची ने-आण करणाऱ्या अनेक छोट्या व्हॅनमध्ये पुढे स्ट्रटच असतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ही रचना ओळखली जाते. इंग्लंडमध्ये १९५० साली आलेल्या फोर्ड कॉन्सल या गाडीमुळे तिचा विशेष प्रसार झाला.

या रचनेचे वैशिष्ट्य असे की, पूर्वी निरनिराळ्या भागांकडे असलेली तीन कामे येथे एकाच उभ्या स्तंभाकडे सोपविलेली आहेत. स्तंभाभोवतीची गुंडाळी स्प्रिंग गाडीचे वजन पेलते. आतील शॉक अॅब्सॉर्बर त्या स्प्रिंगची उसळी आवरतो. शिवाय स्तंभाचे वरचे टोक गाडीच्या सांगाड्याला आणि खालचे टोक चाकाच्या नकलला जोडलेले असल्यामुळे चाक सरळ उभे राखणे आणि स्टिअरिंगबरोबर वळू देणे हेही त्याचेच काम. स्तंभाच्या माथ्यावर रबराचे माउंट आणि बेअरिंग असते. स्टिअरिंग फिरविले की सबंध स्तंभ या बेअरिंगवर फिरतो.

उसळी आवरण्याची क्रिया समजण्यासाठी रंगपंचमीची पिचकारी आठवावी. बारीक भोकातून पाणी झपाट्याने ढकलू लागल्यास हाताला विरोध जाणवतो. सावकाश ढकलल्यास तो जाणवत नाही. स्ट्रटच्या नळीत तेल असते आणि दट्ट्याला बारीक छिद्रे असतात. चाक खड्ड्यात जाऊन वर आले की तेल त्या छिद्रांतून जाताना विरोध करते, हालचालीतील शक्तीचे उष्णतेत रूपांतर होते आणि गाडी एका हेलकाव्यात स्थिर होते. तेल गळाले किंवा दट्ट्याच्या झडपा झिजल्या की स्प्रिंगला लगाम राहत नाही. चाक रस्त्यावरून पुन्हा पुन्हा उचलले जाते, आणि हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लावून गाडी थांबत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. दिवे घाट उतरताना किंवा शाळेसमोर मूल आडवे आले असताना चाकाचा रस्त्याशी संबंध सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतका जरी सुटला, तरी तेवढ्यात गाडी दीड मीटरहून अधिक पुढे गेलेली असते.

ही झीज इतकी हळूहळू होते की रोज गाडी चालविणाऱ्या चालकालाच ती बहुधा जाणवत नाही. तो नकळत तिच्याशी जुळवून घेतो. बदलीवर आलेला नवा चालक मात्र पहिल्याच दिवशी तक्रार करतो, आणि आपण त्याला नाजूक समजतो! म्हणूनच तपासणी तक्रारीची वाट न पाहता ठराविक अंतराने व्हावयास हवी. ब्रेक लावताच गाडीचे नाक खाली दबणे, गतिरोधकावरून उतरल्यावर दोन-तीन हेलकावे बसणे, टायरवर ठिकठिकाणी खळगे पडणे आणि नळीवरून तेलाचे ओघळ येणे ही स्ट्रट थकल्याची लक्षणे होत. नळीवर तेलाचा नुसता पुसट ओलावा असेल तर घाबरण्याचे कारण नाही. जागेवर स्टिअरिंग फिरविताना वरून कटकट असा आवाज येत असेल, तर दोष बहुधा माथ्यावरील बेअरिंगचा असतो. बॉनेट हाताने दाबून सोडण्याची चाचणी सर्वत्र करतात; तीत गाडी डुलत राहिली तर स्ट्रट निश्चित गेला असे समजावे, परंतु ती स्थिर राहिली म्हणून स्ट्रट शाबूत आहे असे मानता येत नाही.

आता अंदाजपत्रकातील ‘दोन नगां’विषयी. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला स्ट्रट असल्यास दोन्ही चाके खड्ड्याला निरनिराळ्या प्रकारे प्रतिसाद देतात आणि अचानक ब्रेक लावल्यास गाडीचा तोल बिघडतो. त्यामुळे ते जोडीनेच बदलावे लागतात. प्रस्तुत लेखकाने पूर्वी एकदा अशाच अंदाजपत्रकातील डाव्या बाजूचा स्ट्रट आणि ‘अलाइनमेंट’ ही बाब अनावश्यक म्हणून खोडून टाकली होती. चार महिन्यांत पुढच्या टायरची आतली कड घासून तारा दिसू लागल्या. नव्या टायरची किंमत वाचविलेल्या रकमेहून अधिक भरली. स्ट्रटचे खालचे बोल्ट काढले की चाकाचा कोन बदलू शकतो, त्यामुळे अलाइनमेंट हा त्याच कामाचा भाग आहे, हे कलाशाखेच्या पदवीधराला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. माउंट, बेअरिंग, धूळरोधक रबर आणि बंपस्टॉप तपासून, झिजले असल्यास त्याच वेळी बदलणे किफायतीचे ठरते, कारण त्यांसाठी पुन्हा सबंध स्तंभ उतरवावा लागतो. फाटलेल्या धूळरोधक रबरातून शिरलेली धूळ गुळगुळीत दांड्यावर ओरखडे पाडते आणि त्यातूनच तेलाची गळती सुरू होते.

या कामातील खरा धोका मात्र निराळाच आहे. गाडी उचलून स्तंभ बाहेर काढला तरी त्यावरील स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेतच असते. तिला रोखून धरतो तो माथ्यावरील मधला नट. स्प्रिंग योग्य साधनाने आवळण्यापूर्वी तो नट सोडला, तर ती माउंटसह बाहेर उसळते आणि समोरच्या माणसाचा जबडा, हात किंवा प्रसंगी प्राणही घेऊ शकते. याकरिता स्प्रिंग कॉम्प्रेसर नावाचे साधन मिळते. ते दोन्ही बाजूंनी सारखे आवळून, स्प्रिंग बैठकीत सैल झाल्याची खात्री करून मगच मधल्या नटाला पाना लावावयाचा असतो. काही ठिकाणी तारेने किंवा दोरखंडाने स्प्रिंग बांधून हे काम उरकले जाते. अशा ठिकाणी शासकीय वाहनच काय, कोणतेही वाहन देऊ नये. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली काम करणे हाही तसाच अविचार होय. औंधसारख्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले तरुण आज तालुक्याच्या गावीही आढळतात. दरपत्रके मागविताना साधन आणि प्रशिक्षित माणूस दोन्ही आहेत की नाहीत, हे विचारण्यास हरकत नसावी.

जोडणी करताना नवा स्ट्रट उभा धरून काही वेळा दाबून सोडावा, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते. स्प्रिंगचे टोक बैठकीतील खाचेत बसवावे आणि ब्रेकची नळी ताणली जाणार नाही याची काळजी घ्यावी. नट निर्मात्याने सांगितलेल्या मापानेच आवळावेत. निव्वळ हाताच्या अंदाजावर विसंबू नये. काम झाल्यावर तारीख आणि किलोमीटरचा आकडा लॉगबुकात लिहून ठेवावा. शॉक अॅब्सॉर्बरचे काही उत्पादक ८०,००० किलोमीटरच्या सुमारास ते बदलण्याचा सल्ला देतात. परंतु खड्ड्यांच्या रस्त्यांवर ही मर्यादा पुष्कळच आधी येते.

ती कितपत आधी यावी, हे काही अंशी पंचायत सदस्यांच्याही हाती आहे. गावकऱ्यांच्या आग्रहावरून रस्त्यावर हातभर रुंदीचा, उभ्या कडांचा उंचवटा घातला जातो आणि त्यालाच गतिरोधक म्हटले जाते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या कमानीसारखा, ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी केवळ १० सेंटिमीटर उंच असावा. या मापाच्या गतिरोधकावरून रुग्णवाहिका आतील रुग्णाला न आपटता जाते, वेगाने येणाऱ्यास मात्र धक्का बसतो. रस्ता ज्या विभागाच्या ताब्यात असेल त्याची परवानगी आणि आराखडा घेऊन, पांढरे पट्टे व आगाऊ सूचनाफलक यांसह तो बांधून घ्यावा.