पाच मिलिमीटर आणि पंच्याहत्तर किलो

मीरा रोडच्या नव्या टॉवरांत गाड्या आता एकीवर एक ठेवल्या जातात. लोखंडी पॅलेट वर सरकतो, खालची जागा मोकळी होते आणि संध्याकाळी कामावरून आलेली माणसं हातात किल्ली घेऊन आपली पाळी येण्याची वाट बघत उभी राहतात. त्या यंत्राच्या खांबावर एक पाटी असते. गाडी किती लांब, किती रुंद, किती उंच चालेल आणि शेवटी किती जड. कुठे २००० किलो लिहिलेलं असतं, कुठे २५००. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, सनरूफ उघडून बघतो, डिकीत बॅगा किती मावतील याचा अंदाज घेतो. वजन कुणीच विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. त्या पाटीपाशी उभं राहून पहिल्यांदा विचारलं, आणि उत्तर शोधताना अक्षरशः जगप्रदक्षिणा झाली.

पहिला धक्का असा, की एकच एसयूव्ही, एकही बोल्ट न बदलता, तीन देशांत तीन वजनांची भरते. आपल्याकडे कंपनी जे ‘कर्ब वेट’ छापते त्यात इंधनाची टाकी जवळपास भरलेली असते, स्टेपनी आणि जॅक-पाना आत असतो, माणूस मात्र कुणी नसतो. युरोपच्या नियमात ‘चालवायला तयार’ गाडी म्हणजे ड्रायव्हर बसलेली गाडी, म्हणून तिथे कागदावर ७५ किलोंचा माणूस आधीच चढलेला असतो. जपानमध्ये टाकी पूर्ण भरतात, पण स्टेपनी आणि हत्यारं उतरवून मग वजन लिहितात. म्हणजे जपान आणि युरोप यांच्या कागदांत एक अख्खा माणूस आणि एक चाक एवढा फरक पडतो. चाकणला बनणारी फोक्सवॅगन टायगुन आणि तिची युरोपातली बहीण टी-क्रॉस यांचे आकडे शेजारी ठेवणाऱ्याने आधी तो ड्रायव्हर खाली उतरवला पाहिजे, आणि मग हेही ध्यानात घेतलं पाहिजे की मागच्या सीटवरच्या माणसांचे पाय मोकळे राहावेत म्हणून टायगुनच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे दहा सेंटिमीटरने जास्त आहे.

कागदाचा फरक बाजूला ठेवला की खरे किलो दिसू लागतात, आणि त्यांचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा आपण एखाद्या करापाशी पोचतो.

२००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. छोटी कुणाला म्हणायचं? चार मीटरच्या आत लांबी, आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. ही रेघ पुढे जीएसटीतही राहिली. २२ सप्टेंबर २०२५पासून रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के. आता मारुती ब्रेझा, टाटा नेक्सॉन आणि ह्युंदाई व्हेन्यू या तिघींची लांबी पाहा. तिघीही ३९९५ मिलिमीटर! तीन वेगळ्या कंपन्या, वेगळे अभियंते, वेगळे कारखाने, आणि तिघींनीही कायद्यापासून नेमकं पाच मिलिमीटर अंतर राखलेलं. लांबी अडली की धातूही अडतो, इंजिनही अडतं. म्हणून आपल्या रस्त्यावरची ‘एसयूव्ही’ अमेरिकी माणसाला खेळण्यासारखी वाटते. तिचं वजन दिल्लीतल्या एका तरतुदीने बांधून ठेवलेलं आहे.

जपानची रेघ आणखी आखूड आहे. तिथल्या ‘केई’ वर्गाची गाडी ३.४ मीटरच्या आत आणि ६६० सीसीच्या आत हवी. त्या मापातली तीन दारांची सुझुकी जिम्नी साधारण १०४० किलोंची. तीच जिम्नी गुरुग्रामच्या कारखान्यात पाच दारांची होते, तिला दीड लिटरचं इंजिन मिळतं, लांबी ३९८५ मिलिमीटर होते (आपल्या चार मीटरच्या आत, अर्थातच!) आणि वजन १२०० किलोंच्या आसपास जातं. त्यातून जपानमध्ये गाडीच्या वजनावर वेगळा करच आहे, दर अर्ध्या टनाच्या पायरीने चढणारा. फ्रान्सने २०२२पासून ठरावीक मर्यादेच्या वरच्या प्रत्येक किलोला युरो मोजायला लावले. अमेरिकेची हवा नेमकी उलटी. तिथे धंद्यासाठी घेतलेल्या गाडीचं भारासकट कमाल वजन ६००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे २७२० किलोंच्या वर असेल, तर करात जास्त वजावट मिळते. नियम मुळात ट्रक आणि शेतीच्या वाहनांसाठी होता. फायदा थोराड एसयूव्हींनी घेतला.

पण वजनाची सगळ्यात सुरस कथा आपल्या दारातून जाते. दहिसर चेकनाक्यावरून थोडं दक्षिणेला गेलं की कांदिवलीचा महिंद्राचा कारखाना लागतो. तिथून वर्षानुवर्षं जी जीप बाहेर पडत राहिली तिचा जन्मच मुळी किलोंच्या भांडणातून झाला. १९४० साली अमेरिकी सैन्याने हलकी गाडी मागवली तेव्हा अट घातली होती १३०० पौंडांची, म्हणजे सुमारे ५९० किलो. चारही चाकांना ताकद देणारी गाडी एवढ्यात बनणं शक्यच नव्हतं. अट पुढे २१६० पौंडांवर आली, तरी विलीज कंपनीचा नमुना शंभर किलोंहून अधिक जड भरत होता. मुख्य अभियंता बार्नी रूस याने इंजिन बदलायला नकार दिला, कारण गाडीचा जीव त्या इंजिनात होता. त्याऐवजी त्याने सगळी गाडी सुटी केली आणि एकेक भाग तोलला. गरजेपेक्षा लांब बोल्ट कापले, जाड पत्रे पातळ केले, रंगाचासुद्धा एकच हात दिला. रंगाचंही वजन असतं! त्या चिकाटीतून जी गाडी उरली तिचाच वंश पुढे भारतात रुजला. त्या वंशातली आजची थार नाशिकला बनते आणि दीड टनाच्या बरीच वर जाते. तिच्याच जातकुळीची रॉक्सर महिंद्राने २०१८पासून अमेरिकेत मिशिगनमध्ये बांधली. ती फक्त शेतात आणि रानात चालवायची होती, म्हणून तिला रस्त्यावरच्या सुरक्षेचा पुष्कळसा सरंजाम लागला नाही आणि ती १४०० किलोंच्या आत राहिली.

हा सरंजाम म्हणजे मला वजनाचं सगळ्यात सन्मानाचं कारण वाटतं. २०१७पासून भारतात नव्या मॉडेलांना समोरून आणि बाजूने धडकेची चाचणी सक्तीची झाली, २०१९मध्ये चालकाची एअरबॅग आणि एबीएस आले, १ ऑक्टोबर २०२३पासून सुरक्षेचे तारे देणारी भारत एनकॅप योजना लागू झाली. दारातल्या आडव्या दांड्या, एअरबॅगा, खांबांतलं जादा पोलाद असं करत किलो चढत गेले. पोलादही साधं नाही. बोरॉन मिसळलेला पत्रा ९०० अंशांच्या आसपास तापवून साच्यात दाबतात आणि तिथेच झटक्यात थंड करतात, तेव्हा तो इतका कणखर होतो की कमी जाडीतही माणसाला वाचवतो. तसं नसतं तर सुरक्षित गाडी आणखी कितीतरी जड झाली असती.

हवामानही किलो चढवतं. आपल्याला मागच्या सीटसाठी एसीचे झरोके लागतात. बर्फाच्या देशांत मोठी बॅटरी, गरम होणाऱ्या सीटा, चारही चाकांना ताकद. भाईंदरच्या मिठागरांशेजारी राहणाऱ्याला खारं वारं पत्र्याचं काय करतं हे सांगायला नको. थंड देशांत तर बर्फ वितळवायला रस्त्यावरच मीठ पसरतात, म्हणून तिथल्या गाडीच्या पोटाला गंजरोधक लेप जाड लागतो. महानगर गॅसच्या पंपावर रांगेत उभी असलेली सीएनजी एसयूव्ही आणखी वेगळं ओझं वाहते. तिच्या साठ लिटरच्या सिलिंडरमध्ये गॅस मावतो जेमतेम आठ-नऊ किलो, आणि तो २०० बारच्या दाबाखाली धरून ठेवणारं पोलाद त्याच्या कितीतरी पट जड.

आपल्या इंधनबचतीच्या नियमातही वजन बसलेलं आहे. ‘कॅफे’ नियमात कंपनीने विकलेल्या गाड्यांच्या सरासरी वजनावरून तिचं लक्ष्य ठरतं. गाड्या जितक्या जड, तितकी धुराची मुभा थोडी जास्त. या हिशेबासाठी धरलेलं भारतीय गाडीचं सरासरी वजन पहिल्या टप्प्यात १०३७ किलो होतं, २०२२-२३पासून १०८२ किलो. मला हे पटत नाही. हलकी गाडी बनवणाऱ्याला नियमाने बक्षीस द्यायला हवं.

आता खांबावरच्या पाटीकडे परत येऊ. विजेवरची एसयूव्ही बॅटरीमुळे तिच्या पेट्रोल बहिणीपेक्षा चांगलीच जड असते, आणि पॅलेट जुन्या हिशेबाने बसवलेला असू शकतो. तुमच्या गाडीच्या आरसीवर ‘अनलेडन वेट’ म्हणून एक आकडा असतो. नवी गाडी घेत असाल तर शोरूममध्ये कर्ब वेट विचारा. त्यात डिकीत कायम पडून असलेलं सामान मिळवा आणि बुकिंगची रक्कम भरण्याआधी तो आकडा पाटीशी ताडून पाहा. ड्रायव्हरचे ७५ किलो मात्र धरू नका. पॅलेट वर जातो तेव्हा गाडीत कुणी बसलेलं नसतं.