चिमूटभर खाणे

गोल्डफिशला जठर नसते. गिळलेला घास घशातल्या दातांनी भरडला जातो आणि थेट लांबलचक आतड्यात उतरतो. अन्न साठवून ठेवायला मध्ये जागाच नाही. म्हणून हा मासा दिवसभर तळ उकरत थोडेथोडे खातो आणि टाकीजवळ कोणी आले की काचेशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, बिचारा उपाशी आहे. मग चिमूटभर खाद्य पडते, घरातला दुसरा आला की आणखी चिमूटभर. घरच्या टाक्यांमधली बरीच दुखणी या कळवळ्यातून सुरू होतात.

मासा शीतरक्ताचा प्राणी. अंग उबदार ठेवण्यासाठी मांजर किंवा चिमणी जेवढे अन्न जाळते, तेवढे त्याला लागत नाही. पाणी गार झाले की त्याचे पचनही मंदावते, म्हणून नाशिक-नागपूरकडच्या थंडीत हीटर नसलेल्या टाकीत खाणे निम्म्यावर आणावे. एरवी दोन मिनिटांत फस्त होईल एवढेच खाद्य दिवसातून एकदा किंवा दोनदा पुरते. आठवड्यातून एक दिवस काहीच न देण्याचा अनेक जुन्या शौकिनांचा शिरस्ता आहे. त्याने मोठ्या माशांचे काही बिघडत नाही.

जास्तीचे खाणे माशाच्या पोटापेक्षा पाण्याला आधी बाधते. उरलेले दाणे खडीत कुजतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. मासे स्वतःही कल्ल्यांवाटे अमोनियाच सोडत असतात. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत या जिवाणूंची वस्ती जमायला काही आठवडे लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरातल्यांचा उत्साह दांडगा असतो. मासे वर येऊन धापा टाकू लागले, की आधी खाद्य बंद करावे आणि थोडे पाणी बदलावे. वाडा गावाजवळच्या तिळसे येथे वैतरणेतल्या माशांना भाविक खाऊ टाकतात, पण ती नदी आहे. दोन फुटांच्या काचेच्या टाकीत टाकलेले सगळे तिथेच राहते.

कोणत्या माशाला काय द्यावे, हे त्याच्या तोंडावरून बरेचसे कळते. गप्पीचे तोंड वर वळलेले असते. तो पाण्याच्या पृष्ठभागावरचे टिपतो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी त्याला विहिरी-हौदांत सोडतात ते यामुळेच. टेट्रा आणि बार्ब यांचे तोंड सरळ पुढे असते, त्यांना हळूहळू बुडणारे खाद्य सोयीचे. कोरिडोरस आणि सकर फिश यांचे तोंड खाली वळलेले असते. वरच्या माशांच्या उष्ट्यावर ते जगतात असे गृहीत धरले जाते आणि ते बिचारे खंगत जातात. त्यांच्यासाठी बुडणाऱ्या गोळ्या दिवे मालवल्यावर टाकाव्यात, कारण यांतले बरेचसे निशाचर आहेत.

तोंडाइतकेच आतडे महत्त्वाचे. फायटर मूळचा थायलंडकडचा कीटकभक्षी. त्याला प्रथिने भरपूर हवीत. उलट आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकांवर शेवाळ खरवडणाऱ्या सिक्लिडचे आतडे लांब असते. त्याला मांसल खाद्याचा मारा केला, तर पोट फुगून तो दगावू शकतो.

बाजारी खाद्याचे पापुद्रे 1950च्या दशकात जर्मनीच्या डॉ. उलरिश बेन्श यांनी आणले आणि हा छंद सामान्य घरांत शिरला. डब्यावरच्या यादीत सहसा सर्वांत जास्त असलेला घटक पहिला लिहितात. तिथे गव्हाचे पीठ असेल, तर तो डबा परत ठेवावा. माशांचे किंवा कोळंबीचे चूर्ण असेल तो घ्यावा. शेवाळ खाणाऱ्यांसाठी स्पिरुलिना असलेले खाद्य मिळते. बहुतेक माशांना ‘क’ जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही आणि ते कमी पडले की कणा वाकतो. हेच जीवनसत्त्व उघड्या डब्यात हवेने आणि दमटपणाने झपाट्याने नष्ट होते. त्यामुळे स्वस्तात पडतो म्हणून वर्षभराचा डबा आणणे ही खोटी काटकसर. पावसाळ्यात तर लहान डबाच बरा, तोही घट्ट झाकणाचा.

जिवंत खाद्यात डॅफ्निया आणि आर्टेमिया उत्तम. आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात हवा सोडत ठेवली, की दिवस-दीड दिवसात पिल्ले निघतात. तान्ह्या माशांना ती मानवतात. ट्युबिफेक्स हे किडे सांडपाण्याच्या गाळातही वाढतात आणि आजार घेऊन येऊ शकतात, तेव्हा ते वाळवलेलेच घ्यावेत. ऑस्कर किंवा अरोवानाला जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याची हौस मात्र सोडलेली बरी. गोल्डफिशच्या अंगात ‘ब-1’ जीवनसत्त्व मोडून टाकणारे विकर असते. रोज तेच खाणाऱ्या माशाला त्या जीवनसत्त्वाची उणीव भासू लागते.

स्वयंपाकघरातूनही थोडे देता येते. उकडून साल काढलेला मटार गोल्डफिशला, काकडीची चकती किंवा गरम पाण्यातून काढलेला पालक सकर फिशला. काही तासांत उरलेले बाहेर काढावे. पोळी, पाव, भात, बिस्किटे टाकू नयेत; पिष्ट माशांना नीट पचत नाही आणि पाणी दुधाळ होते.

पिल्लांचे गणित वेगळे: त्यांना दिवसातून चार-पाच वेळा, अगदी कणकण खाणे लागते. मोठे निरोगी मासे मात्र आठवडाभर न खाता आरामात राहतात. गावाला जाताना शेजाऱ्यांच्या हाती सगळा डबा देऊ नये. फार तर एकेका वेळच्या खाद्याच्या पुड्या बांधून द्याव्यात आणि डबा कपाटात ठेवून जावे.