काकूची वाडी कागदावर उतरते

मध्यमवर्गीय माणसाला नकाशाचे वेड उपजतच असते. पाचशे चौरस फुटांच्या ब्लॉकात कपाट कुठे, दिवाण कुठे आणि पाहुण्यांची गादी कुठे, यावर आपल्या घरांतून जितका खल होतो तितका राज्यकारभारावरही होत नसेल! पण ब्लॉकातले कपाट पुढच्या दिवाळीला सरकवता येते. माड सरकवता येत नाही. एकदा खड्डा खणून रोप लावले की पुढची साठ-सत्तर वर्षे ते तिथेच उभे राहणार, तिथेच सावली पाडणार आणि जोराचा वारा आला तर तिथूनच घरावर पडणार. म्हणून ज्यांचा गावी एखादा वडिलोपार्जित तुकडा आहे त्यांनी कुदळ उचलण्याआधी पेन्सिल उचलावी हे बरे. आणि ज्यांचा आहे त्यांनी तो सहजासहजी हातचा सोडू नये. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही, असा आपल्याकडे १९४८ च्या कुळकायद्यापासूनचा दंडक आहे. गेलेली जमीन परत घ्यायला नातू सातबारा हुडकीत हिंडतात, हे मी पाहिले आहे.

मी पुण्यात मराठी शिकवतो. त्यामुळे जमिनीच्या बाबतीत माझा अधिकार शब्दांपुरता. आगर, परडे, मांगर, गडगा, पाखाडी, डोण हे शब्द मी फळ्यावर लिहितो आणि समोरची मुले ते परीक्षेच्या भीतीने उतरवून घेतात. पण या सगळ्या शब्दांचे मूळ ठिकाण म्हणजे दापोली तालुक्यातली आमची वाडी. चाळीस गुंठ्यांना थोडी जास्त. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला खाडी. रुंदी एकशेदहा फूट आणि रस्त्यापासून खाडीच्या बाजूपर्यंत लांबी चारशे फूट. वर विहीर, मग घर, मग परडे आणि खाली माड-पोफळींची गर्दी. ही मांडणी आमच्या पणजोबांनी केली असे म्हणतात. आमच्यापैकी कुणीही तिच्याकडे ‘मांडणी’ म्हणून कधी पाहिले नव्हते. वाडी ही अशीच असते, एवढेच आम्हाला ठाऊक!

३ जून २०२० रोजी श्रीवर्धनच्या बाजूला ‘निसर्ग’ वादळ किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगडपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंतच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. आमचे चार-पाच माड तेवढे वाचले. पोफळी तर काड्या मोडाव्यात तशा मोडल्या. एक माड माजघराच्या कौलांवर आला. काकू त्या वेळी स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली. काकूचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर, आणि घरात ती एकटी.

पडलेली झाडे तोडून, ओढून बाजूला काढायलाच वर्ष गेले. त्यानंतर जे दिसले ते आमच्यापैकी कुणीच आजवर पाहिले नव्हते. मोकळी, उन्हाने भरलेली, कोऱ्या पाटीसारखी जमीन! आणि कोरी पाटी दिसली की प्रत्येकाला तीवर काहीतरी लिहावेसे वाटते.

माझा थोरला भाऊ, दादा, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला. त्याने लगेच हिशेब मांडला. माडामाडांत पंचवीस फूट अंतर, म्हणजे एका माडाला सव्वासहाशे चौरस फूट. एकराचे त्रेचाळीस हजार पाचशेसाठ. म्हणजे एकोणसत्तर माड. “ओळीने लावून टाकू. झंझट नको.” चुलतभावाचे, म्हणजे काकूच्या मुलाचे, म्हणणे निराळे होते. तो ठाण्याला असतो. रस्त्यालगतच्या पहिल्या शंभर फुटांना, म्हणजे दहा गुंठ्यांना, एक गिऱ्हाईक आले होते. ते विकावे, त्या पैशांत उरलेल्या वाडीला तारेचे कुंपण घालावे आणि आईला ठाण्याला न्यावे. यात त्याचा स्वार्थ होता असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्याची आई कौलांखाली सापडता सापडता वाचली आहे, त्याला रात्री झोप लागत नसेल तर त्यात नवल नाही.

काकू काहीच बोलली नाही. तिने तेवढ्यात घराच्या मागे केळीचे चार पासंबे लावून टाकले.

मे महिन्यात आम्ही सगळे जमलो तेव्हा मी आलेख-कागदाचा मोठा ताव घेऊन गेलो होतो. एक चौकोन म्हणजे पाच फूट. माझ्या मुलाने उपग्रहाचा नकाशा छापून आणला होता. तो दिसायला झकास, पण त्यावरून उतार कळत नाही. उतार मोजला तो गवंडी वापरतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीने. रस्त्यापासून खालच्या गडग्यापर्यंत जमीन बारा फूट उतरते. ही बारा फुटांची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण सारा निकाल पुढे तिनेच दिला.

वाडी आखताना पहिला प्रश्न झाडांचा नसतो, पाण्याचा असतो. आमच्या भागात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे जवळजवळ दहा फूट. हजार चौरस फुटांच्या छपरावर पडणारे पाणी अडवायचे म्हटले तर पावणेतीन लाख लिटरांच्या वर जाते. आणि तरीही एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो! कारण हे सारे पाणी चार महिन्यांत येते आणि उताराने खाडीला जाऊन मिळते. म्हणून पन्हळीचे पाणी विहिरीच्या वरच्या अंगाला खणलेल्या चरात सोडायचे, परड्यात उताराला आडवे बांध घालायचे, आणि न्हाणीचे व मोरीचे पाणी केळी-अळूच्या आळ्यात न्यायचे, हे आधी आखले. पन्हळ घराची आणि चर घराच्या वर, तेव्हा पाणी चढणार कसे, असे दादाने विचारले. त्याला उत्तर नळीनेच दिले. चौथऱ्यावरच्या घराची पन्हळ चराच्या तोंडापेक्षा सहा फूट उंच निघाली; बंद नळातून पाणी आपोआप जाते. शोषखड्डा मात्र विहिरीच्या खालच्या अंगाला आणि पन्नास फुटांच्या पलीकडे. यात तडजोड नाही.

दुसरा प्रश्न उन्हाचा. कोल्हापूरकडचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना सांगत असत की, आपल्या जमिनीच्या प्रत्येक फुटावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब ठेवा. आम्ही तो ठेवून पाहिला. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकतो. आमच्या अक्षांशावर त्या वेळी पन्नास फुटी माडाची भर दुपारची सावली उत्तरेकडे सुमारे चव्वेचाळीस फूट पडते. दादाच्या नकाशात दक्षिणेच्या गडग्याला लागून माडांची एक सुरेख रांग होती. ती कागदावर सावलीसकट काढली तेव्हा काकूचे वांगी-मिरच्यांचे वाफे ऐन हिवाळ्यात, म्हणजे भाजीच्या मोसमातच, अंधारात गेले. वरच्या भागातला दक्षिण अंग मोकळा सोडायचा, हे मग कुणाला पटवावे लागले नाही. खाली पोफळीच्या बाबतीत नेमके उलटे. पोफळीच्या कोवळ्या खोडाला दुपारनंतरचे ऊन चटके देते. तेव्हा तिथे दक्षिणेला आणि पश्चिमेला माड हवेत, आणि त्यांच्याही पलीकडे खाडीवरचा खारा वारा अडवायला उंडीची आणि भेंडीची दाट रांग. भेंडी म्हणजे भाजीची नव्हे, झाडाची. पुण्याच्या वाचकांसाठी हे सांगितलेले बरे.

तिसरा प्रश्न पायांचा. हा मात्र पुस्तकी नव्हता. माझ्या मुलीने एक दिवस वही घेऊन काकूच्या मागे फिरून टिपणे केली. काकू दिवसभरात मागच्या दाराने चौदा वेळा बाहेर गेली, विहिरीवर सहा वेळा, गोठ्यात पाच वेळा आणि खालच्या बागेत एकदाच, तेही काठी घेऊन. मग आम्ही नकाशावर तिच्या मागच्या दारापासून वर्तुळे काढली. जिथे चौदा वेळा जायचे ते पहिल्या वर्तुळात: कढीलिंब, ओली हळद, अळू, गवती चहा, मिरच्या. केळीसुद्धा इथेच, कारण माकडे. अलीकडे कोकणात माकडांनी आणि रानडुकरांनी इतका उच्छाद मांडला आहे की, जे फळ स्वयंपाकघरातून दिसत नाही ते आपले नाही असेच समजावे. हळद, सुरण, मिरी यांच्या वाटेला माकडे सहसा जात नाहीत. ती दूर चालतील. आंबा, कोकम, काजू यांना वर्षातून काही आठवडेच भेटायचे असते. ती आणखी दूर, कडेला.

ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी १९७८ साली ‘पर्माकल्चर’ नावाच्या शेतीपद्धतीचे पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. घराभोवती असेच पट्टे पाडावेत, रोज लागणारे जवळ आणि क्वचित लागणारे दूर ठेवावे, हे त्या पद्धतीतले एक मुख्य सूत्र. मी हे मोठ्या उत्साहाने काकूला सांगितले.

ती म्हणाली, “मग त्यांच्याकडे काय आधी अळू रस्त्यावर लावीत होते?”

असो.

आता विक्रीचा प्रश्न. तो आम्ही टाळत होतो. पण नकाशा टाळू देईना. चुलतभावाने स्वतःच पेन्सिल घेऊन रस्त्यालगतचे शंभर फूट आखून घेतले आणि त्या रेघेच्या आत विहीर आली! विहीर रस्त्यापासून साठ फुटांवर. तिचे पाणी डोणीत ओतले की पाटाने आपल्या पायांनी खाली चालत येते. घराच्या उत्तरेने परड्यात, परड्यातून माडांच्या आळ्यांत आणि तिथून पोफळीत. बारा फुटांचा उतार पणजोबांनी असा वापरला होता. वरचा तुकडा गेला की पाणी गेले. खाली नवी विहीर खणायची तर ती खाडीच्या अंगाला. गोडे पाणी उपसू लागलो की हळूहळू खारे आत येण्याची भीती. बरे, ‘विहिरीवर वहिवाट राखून ठेवू’ असे खरेदीखतात लिहिता येते. पण विहिरीच्या वहिवाटीवरून कोकणात किती पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात ते काय सांगावे! चुलतभाऊ बराच वेळ त्या रेघेकडे पाहत बसला. मग म्हणाला, “पाण्याचं कळलं. पण आईचं काय? ही वाडी तिच्यासाठी आखताय ना? रात्री ती पडली तर कोण येणार आहे? माड?”

त्याला उत्तर नव्हते. दादाही गप्प झाला.

त्या रात्री कंदिलाच्या, क्षमा करा, विजेच्या दिव्याखाली नकाशा पुन्हा पसरला गेला. या वेळी प्रश्न झाडांचा नव्हताच. वरच्या दहा गुंठ्यांत विहिरीच्या दक्षिणेला एक मोकळी चौकट होती. तिथे चिऱ्यांच्या दोन खोल्या बांधाव्यात आणि काम करणारे एखादे जोडपे तिथे राहायला आणावे, ही सूचना माझ्या वहिनीची. बागेचे काम, पाण्याचा पंप आणि रात्री कुणीतरी जवळ. चुलतभावाने विचारले, “जवळ म्हणजे किती?”

आपल्या भाषेत ‘हाकेच्या अंतरावर’ असे एक माप आहे. वर्गात मी त्याला वाक्प्रचार म्हणतो. सकाळी आम्ही त्याची चक्क मोजणी केली. काकूला तिच्या खाटेवर निजवले, दारे लावली आणि चुलतभाऊ रस्त्याच्या बाजूने एकेक पाऊल मागे सरकत गेला. काकू हाक मारत होती. पहिल्या दोन हाका लाजत मारल्या, तिसरीला मात्र तिला जोर चढला. सत्तर फुटांपर्यंत हाक स्पष्ट पोचली. पुढे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज मिसळू लागला. पावसात कौले वाजत असताना काय, हा विचार करून आम्ही खोल्यांची जागा पन्नास फुटांवर धरली आणि काकूच्या खाटेशी घंटेचे बटण बसवायचे ठरवले. चुलतभावाने नकाशावर त्या दोन खोल्या स्वतःच्या हाताने काढल्या. दोन वर्षे पाहू, असे त्याचे म्हणणे आहे. गिऱ्हाइकाला त्याने नाही म्हटलेले नाही. थांबा म्हटले आहे.

बाकीचे मग भराभर झाले. घराच्या छपरापासून पंचवीस फुटांच्या आत माड नाही. हे वादळाने शिकवलेले. खालच्या पंधरा गुंठ्यांत सव्वीस माड, त्यांच्यामध्ये जायफळ आणि दालचिनी, आणि खोडावर मिरीचे वेल. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने अशी मिश्र बाग ‘लाखीबाग’ या नावाने शेतकऱ्यांपुढे ठेवली आहे. दादाला हे नाव फार आवडले; एकोणसत्तरांवरून सव्वीसावर यायला त्याने मुळीच कुरकुर केली नाही. गडग्याच्या आतून गिरिपुष्प, त्याचा पाला माडांच्या आळ्यांत. मधल्या तीन-चार वर्षांत माड लहान असताना मोकळ्या जागेत हळद, सुरण आणि थोडी झेंडू-अबोली. हे शेवटचे काकूच्या हट्टासाठी. “माड तुमच्या मुलांना नारळ देतील. मला या दसऱ्याला फुलं हवीत,” असे तिचे म्हणणे. बाणवली माड सहा-सात वर्षांनी धरतो. काही संकरित जाती चार-पाच वर्षांतच येतात. काकूने दोन्ही आणायला सांगितले आणि संकरित रोपे घराकडच्या ओळीत लावायची असे बजावले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल असे सव्वीस खड्डे तयार होते. खोल्यांचा पाया दिवाळीनंतर भरून झाला. एका फणसावरून मात्र अजून एकमत नाही. काकूला तो मागच्या दारातून दिसायला हवा. दादा म्हणतो, मुळे जोत्यात शिरतील. चुलतभावाने ठाण्याहून कळवले आहे की, माझ्या खोल्यांच्या वर सावली नको. आलेख-कागदावर फणसाचे वर्तुळ आतापर्यंत पाच वेळा खोडले गेले आहे आणि रोप तुळशीवृंदावनाशेजारी पिशवीतच वाढते आहे.