सोमवारी नवे हात

वादळ येऊन गेल्यावर पहिल्या महिन्यात लुईझियानाच्या किनाऱ्यावर माणसांची रीघ लागते. कॅमेरे येतात, पुढारी येतात, पाण्याच्या बाटल्यांचे ट्रक येतात. दुसऱ्या वर्षी त्यांतले बहुतेक निघून गेलेले असतात आणि छपरावर निळी ताडपत्री ओढलेली घरे मात्र तशीच उभी असतात. मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस या संस्थेच्या कामाला खरा जोर चढतो तो तेव्हा.

या संस्थेचा जन्म 1950 साली कॅन्ससमधल्या हेस्टन गावी झाला, चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या मंडळींच्या सहलीत. मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती शस्त्र हाती घेत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सुमारे 12,000 अमेरिकी तरुणांनी लष्कराऐवजी नागरी सेवा पत्करली, त्यांत चार हजारांहून अधिक मेनोनाइट होते. कुणी जंगलातले वणवे विझवले, कुणी मनोरुग्णालयांत राबले. घरी परतल्यावर या पिढीला एक प्रश्न छळू लागला: सरकारने बोलावले तरच सेवा करायची का? उत्तर म्हणून ही संस्था उभी राहिली. 1955 मध्ये चक्रीवातात कॅन्ससचे उडॉल गाव जमीनदोस्त झाले तेव्हा हे लोक तिथे होते, 1969 च्या कॅमिल वादळानंतर मिसिसिपीत होते, कॅटरिनानंतरही होते. पंथाचे आपल्याकडचे नातेही जुनेच आहे. दुष्काळाने होरपळलेल्या मध्य प्रांतात, ज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती, त्यांचे मिशनरी 1899 मध्ये धमतरीला येऊन राहिले.

कामाची घडी आठवड्याची. रविवारी संध्याकाळी नवी तुकडी येते, सोमवारी सकाळी प्रार्थना करून कामावर जाते आणि आठवडा संपला की परतते. येण्याजाण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा, राहणे-जेवण संस्थेकडे. मुक्काम बहुधा एखाद्या चर्चच्या सभागृहात, दुमजली खाटांवर. तुकडीत कॅन्ससचा निवृत्त शेतकरी असतो, कॅनडातल्या मॅनिटोबाहून आलेले जोडपे असते, सुट्टीतले कॉलेजचे विद्यार्थी असतात. पेनसिल्व्हेनियाचे आमिश सुतारही असतात. ते स्वतःची मोटार बाळगत नाहीत, म्हणून भाड्याच्या गाडीतून ड्रायव्हर घेऊन येतात.

महिना-दोन महिने मुक्काम ठोकतात ते मोजकेच: प्रकल्पाचा प्रमुख, स्वयंपाकघर सांभाळणारी मंडळी आणि क्रू लीडर. या साऱ्या रचनेत थक्क करणारा माणूस हा क्रू लीडर. दर सोमवारी त्याच्यापुढे अनोळखी माणसे उभी राहतात. त्यांतल्या एखाद्याने चाळीस वर्षे गोठे बांधलेले असतात, तर दुसऱ्याने कधी हातोडीसुद्धा धरलेली नसते. घर मात्र एकच असते, आणि ते सरकारी तपासनिसापुढे पास व्हावे लागते.

त्याची कसोटी लागते भिंतीपाशी. तिथली बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची असतात आणि आतून त्यावर जिप्समचे बोर्ड मारलेले असतात. पुराचे पाणी घरात फूटभरच चढले तरी बोर्ड ते शोषून वर ओढतो आणि दमट उन्हाळ्यात एक-दोन दिवसांतच आत बुरशी धरू लागते. म्हणून आधी सगळे फाडून काढायचे, ओले बोर्ड आणि त्यांच्यामागचा ग्लासवुलचा थरसुद्धा. मग सांगाडा घासायचा, फवारायचा आणि वाळू द्यायचा. लाकडातला ओलावा मीटर लावून मोजतात. तो पुरेसा उतरण्याआधी नवा बोर्ड ठोकला तर ओल आतच कोंडते आणि सगळी मेहनत वाया जाते. घरच्यांना परतायची घाई असते, कित्येक जण वर्षभर नातेवाइकांकडे नाहीतर ट्रेलरमध्ये दिवस काढत असतात. त्यांना अजून थांबा म्हणून सांगायचे असते.

बोर्ड बसवणे त्यामानाने सोपे. आठ फूट लांब, चार फूट रुंद ताव दोघांनी धरायचा, तिसऱ्याने स्क्रू मारायचे. अवघड असतात ते सांधे. दोन बोर्डांमधल्या फटीवर कागदी पट्टी बसवून तिच्यावर पुट्टीचे तीन हात द्यायचे, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद आणि पातळ. प्रत्येक हात वाळायला साधारण एक दिवस लागतो, किनाऱ्यावरच्या दमट हवेत त्याहून जास्त. शेवटी पॉलिश पेपरने घासायचे. सोमवारी बोर्ड चढायला लागले तर तिसरा हात त्या आठवड्यात बसत नाही. म्हणजे पहिला हात देणारा माणूस ओहायोला घरी पोचलेला असतो आणि त्याने सोडलेला उंचवटा पुढच्या तुकडीच्या वाट्याला येतो. रंग लागेपर्यंत तो लपतो, मग खिडकीतून तिरपे ऊन आले की भिंतभर दिसतो.

यावर अनुभवी क्रू लीडरचा उपाय साधा आहे. नवख्याच्या हाती पुट्टीचा पाटा देऊन त्याला आधी कपड्यांच्या कपाटाच्या खोलीत पाठवायचे. तिथे हात बसला की बेडरूम, आणि सर्वांत शेवटी बैठकीची भिंत. संध्याकाळी दिवा भिंतीला घासून धरायचा, उंचवटे पेन्सिलीने खुणावायचे आणि चुकलेल्यालाच दाखवायचे. कसलेल्या कारागिरांची टोळी हे सगळे कितीतरी लवकर उरकेल. इथे वेळ जास्त जातो, पण मजुरी शून्य असते. शिवाय पाटा न धरलेला माणूस आठवड्याअखेरी सांधा भरायला शिकून जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. या माणसांना कौशल्यावरून निवडलेले नसते. आले आहेत म्हणून कामाला लावलेले असते. त्यांच्या हातून राहण्याजोगे घर उभे करून दाखवणे हे मोठेच काम आहे.

सामानाचे पैसे कुठून येतात, हा पुढचा प्रश्न. आपत्तीनंतर अमेरिकेत गावोगावी पुनर्वसन समित्या बसतात आणि त्यांत वेगवेगळी चर्चे व सेवाभावी संस्था एका टेबलाशी येतात. समितीचा कार्यकर्ता एकेका कुटुंबाची अडचण मांडतो. विम्याचे किती मिळाले, सरकारी मदत किती, खड्डा किती उरला. मग एखादी संस्था लाकूड घेते, दुसरी छप्पर, आणि मेनोनाइट हात देतात. घर कुणाचे बांधायचे ते गरज पाहून समितीच ठरवते. स्वयंसेवकांच्या कामाच्या तासांना हिशेबातही किंमत आहे: आपत्तीच्या खर्चात राज्याला आणि गावाला जो वाटा उचलावा लागतो, त्यात काही कामांसाठी हे तास रोख रकमेच्या जागी धरता येतात.

हा खड्डा मात्र लहान होत नाही. घरदुरुस्तीसाठी संघराज्य सरकारची थेट मदत 2024 च्या आर्थिक वर्षात एका कुटुंबाला कमाल 42,500 डॉलर होती, आणि कमाल रक्कम मिळणारे थोडेच. न्यू ऑर्लिन्समध्ये कॅटरिनानंतर अनुदान ठरवताना घराची वादळापूर्वीची बाजारभावाची किंमत धरली गेली. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तेवढेच घर कमी किमतीचे, म्हणून अनुदानही कमी, बांधकामाचा खर्च मात्र तोच. यावरून झालेला दावा 2011 मध्ये तडजोडीने मिटला. तोवर कितीतरी कुटुंबांना आपली घरे चर्चच्या तुकड्यांच्या आधारानेच उभी करावी लागली होती.

त्याहून चिवट अडचण कागदांची. दक्षिणेकडच्या राज्यांत अनेक गरीब घरे आजोबा-पणजोबांच्या नावावर आहेत. मृत्युपत्र नाही, वारसांची नोंद नाही, हिस्सेदार चार राज्यांत पांगलेले. सातबाऱ्यावरच्या जुन्या नावांशी झुंजलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. मालकी सिद्ध होत नाही म्हणून वर्षानुवर्षे असे अर्ज फेटाळले गेले. 2021 मध्ये संघराज्याच्या आपत्ती यंत्रणेने पुराव्याचे नियम सैल केले, पण घरबांधणीचे मोठे अनुदान आणि बांधकाम परवाना यांच्या वाटेत हा गुंता अजून आडवा येतो. तुकडी तयार, सामान तयार, आणि काम वकिलाच्या टेबलावर अडलेले.

कागद जुळले तरी पूरक्षेत्रात दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की सगळे घर आजच्या नियमांप्रमाणे उंच उचलावे लागते. किनाऱ्यावर मग दहा-बारा फुटी खांबांवर घर चढते आणि त्यात राहणाऱ्या सत्तरीच्या बाईला रोज जिना चढावा लागतो. उतार किंवा लिफ्ट बसवायची तर खर्च पुन्हा समितीच्या टेबलावर. विम्याचा आधारही आटला आहे: 2020 आणि 2021 च्या वादळांनंतर लुईझियानात डझनभर विमा कंपन्या बुडाल्या. उरलेल्यांचे हप्ते न परवडणारी माणसे विम्याविना राहतात, म्हणजे पुढच्या वादळात त्यांना पुन्हा याच तुकड्यांची वाट पाहावी लागेल.

आणि जमीन? 1930 च्या दशकापासून लुईझियानाने सुमारे 5,000 चौरस किलोमीटर किनारा गमावला आहे. आयल द जीन चार्ल्स बेटावरच्या मूलनिवासी कुटुंबांना सरकारी पैशाने 2022 पासून उत्तरेला नव्या वस्तीत हलवले गेले. ग्रँड बायू या गावात मात्र आजही फक्त बोटीने जाता येते. तिथले मच्छीमार हलायला तयार नाहीत. पाण्यापासून दूर गेलो तर खायचे काय, असा त्यांचा सवाल आहे. कॅटरिनानंतर मेनोनाइटांनी तिथे खांबांवर घरे बांधली. लाकूड, सिमेंट, माणसे, सारे पाण्यावरून नेले. बुडत्या जमिनीवर घर बांधावे का, हा प्रश्न अभियंते, विमावाले आणि खुद्द चर्चची मंडळीही विचारतात. तुकडीपुरते उत्तर अजून तरी एवढेच आहे: जिथे माणसे राहणार आहेत तिथे बांधायचे, खांब नियमापेक्षा थोडे उंच घ्यायचे, आणि छपराची कैची व भिंत जोडणाऱ्या गॅल्व्हनाइज्ड पट्टीचा एकही खिळा सोडायचा नाही.