शेवट कापलेला व्हिडिओ

रस्त्यावर मुलं खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका लहानग्याला उचलतात आणि पसार होतात. २०१८ मध्ये हा व्हिडिओ भारतभर फिरला. मुळात ती कराचीच्या ‘रोशनी हेल्पलाइन’ संस्थेची, पालकांना सावध करणारी फिल्म. त्यात ते दोघे लगेच परततात, मुलाला सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. कोणीतरी नेमका तेवढा शेवट कापला. उरलेल्या तुकड्याला गावोगावी नवा मजकूर जोडला गेला : मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे.

अफवांच्या त्याच दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात जमावाने पाच जणांना पकडलं. मंगळवेढा भागातून भिक्षुकीसाठी आलेली ही नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठार मारण्यात आलं. त्याच दिवशी मालेगावातही जमावाने पाच जणांना घेरलं, त्यांत एक लहान मूल होतं. तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं, पोलीस आले, पाचही जीव वाचले. राईनपाडा सर्वांना आठवतो, मालेगाव फार थोड्यांना. मी वर्गात दोन्ही सांगते.

लोक असं का पाठवतात? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ मधल्या ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या. खोटी बातमी पुढे जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के अधिक निघाली. दोष यंत्राचा नव्हता. माणसंच पाठवत होती, कारण खोट्यात नवल जास्त असतं.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी २०१९ मध्ये याच विषयावर अहवाल दिला. महाराष्ट्रातही त्यांनी लोकांशी बोलून माहिती घेतली होती. मोबाइल न समजणारी अडाणी माणसं अफवा पसरवतात, हा समज त्यांनी खोडून काढला. तंत्र चांगलं येणारेही पाठवतात. ज्या समाजाबद्दल मनात आधीच आकस असतो, त्याच्याविरुद्धचा मजकूर पटकन खरा वाटतो. हे वाचून आपण मान डोलावू, कारण मुसलमानांविषयीच्या अशा व्हिडिओंचा त्रास आपल्याला ठाऊक आहे. पण भटक्या डवरी गोसाव्याविषयी, परप्रांतीय मजुराविषयी आपल्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर काय फिरतं?

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून दुहेरी बाण असलेला, म्हणजे अनेक हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा संदेशांचं फिरणं ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. बोटाला एवढासा अडथळा झाला तरी पुष्कळ जण थांबतात!

तळेगावहून पुण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये बघावं, स्टेशन येईपर्यंत दहा व्हिडिओ सरकतात. शेवटपर्यंत एखादाच पाहिला जातो. घरी खाला किंवा फुफी असं काही काळजीने दाखवतात तेव्हा त्यांना हसू नये. मुलांच्या काळजीपोटीच त्या दाखवतात. सोबत बसून पुन्हा पाहावा. दुकानाची पाटी कोणत्या भाषेत आहे? गाडीचा नंबर कुठला? उर्दू वाचता येणाऱ्या घरांना तर कराची आणि कल्याण यांतला फरक पाटीवरूनही कळू शकतो. आणि सूरह हुजुरातमधली, बातमी आली की खातरजमा करण्याची ताकीद त्यांना आपल्याहून चांगली पाठ असते.