फडावरचा अर्धा तास

दसरा झाला की मुखेड तालुक्यातल्या तांड्यांवर ऊसतोडीच्या मुकादमांच्या फेऱ्या वाढतात. उचल बहुतेकांनी आधीच घेतलेली असते आणि लग्नात, दवाखान्यात, खता-बियाण्यात ती संपलेलीही असते. दिवाळी उरकली की ट्रक भरायला लागतात. ताडपत्री, बांबू, पाण्याचे ड्रम, ज्वारीचं पोतं, एखादी शेळी आणि लेकरं. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा मुकादमाचा हिशेब असतो. लेकरं त्या हिशेबात नसतात, पण आईबापांबरोबर जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे, तर कुणी शेजारच्याच लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठी. परत येतात ती पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात.

मी तांड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीला शिकवतो. शाळेचं दुसरं सत्र आणि ऊसतोडीचा हंगाम जवळजवळ एकच. म्हणजे जोडाक्षरं, हातच्याची वजाबाकी, भागाकार हे सगळं ज्या महिन्यांत व्हायचं, त्याच महिन्यांत अर्धा वर्ग फडावर असतो.

या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आईबाप गेले तरी मूल गावातच आजी-आजोबांजवळ राहतं आणि त्याच्या जेवणाची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समिती बघते. चौथीच्या पुढच्या मुलांसाठी ती चांगली आहे, नीट चालली तर फार चांगली आहे. २०२१ साली राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा योजनाही मंजूर केली. पण सहा-सात वर्षांचं लेकरू चार-पाच महिने आईपासून तोडावं, हे मला कधी पटलं नाही. तांड्यावरच्या आयांनाही पटत नाही. घरात म्हातारं माणूस नसेल तर प्रश्नच मिटला. मग अशा लेकराबरोबर शाळेतलं काय पाठवता येईल, याचा विचार करणं भाग पडतं. गेली काही वर्षं दिवाळीच्या आधी माझं मुख्य काम तेच असतं.

पहिला प्रश्न असतो वजनाचा. ट्रकमध्ये जागा नसते, कोपीत तर नसतेच. पाचटाची आणि ताडपत्रीची ती झोपडी दर काही दिवसांनी मोडून दुसऱ्या फडाजवळ उभी करायची असते. बालभारतीने काही वर्षं एकात्मिक पुस्तक चार भागांत काढलं, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग या लेकरांना झाला. हंगामात लागतील तेवढेच भाग तेव्हा बरोबर देता येत. वह्यांपेक्षा पाटी बरी. वही दवाने ओली होते, तिची पानं चुलीला लागतात. पाटी पुसली की नवी. तक्त्यांचंही तसंच. कागदी तक्ता कोपीत आठवडाभर टिकत नाही. म्हणून जुन्या फ्लेक्सच्या कोऱ्या बाजूवर ऑईलपेंटने बाराखडी, जोडाक्षरं आणि वीसपर्यंतचे पाढे लिहून देतो. गुंडाळला की तो काठीएवढा होतो, आणि पाऊस आला तर त्याच फ्लेक्सखाली लेकरं बसतात. मोजायला चिंचोके. ते हरवले तरी चालतात, चिंचेची झाडं सगळीकडे आहेत.

दुसरा प्रश्न शिकवणार कोण, आणि खरा अवघड प्रश्न हाच आहे. १९५१ साली ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जहून दूरदूरच्या गुराढोरांच्या वाड्यांवरच्या मुलांसाठी रेडिओवरची शाळा सुरू झाली. शिक्षक शेकडो मैलांवर, मूल घरी. पण त्या मुलाशेजारी आई किंवा घरी ठेवलेली शिक्षिका रोज बसत असे. रेडिओ धडा देत होता, अभ्यास करून घेत होतं ते शेजारी बसलेलं माणूस. पुण्या-मुंबईकडची काही कुटुंबं हल्ली मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात, काही जण गाडी घेऊन देशभर फिरतात. त्यांचे अनुभव मी आवडीने वाचतो. किल्ल्यावर इतिहास, समुद्रावर भूगोल, सगळं खरं आहे. तिथेही एक मोठं माणूस दिवसातले काही तास मुलांसाठी मोकळं असतं. ऊसतोड करणाऱ्या बाईकडे नेमके तेच तास नसतात. ती पहाटे चारला फडात उतरते. दुपारपर्यंत तोडणी, मग मोळ्या बांधणं, मग भरणी. गाडी रात्री बाराला आली तर भरणी रात्री बाराला.

म्हणून प्रत्येक टोळीत मी एक ताई शोधतो. बहुतेक वेळा चौथी-पाचवीतली मुलगी, जी धाकट्या भावंडाला सांभाळायला म्हणून नेलेली असते. तिने गावातच राहून शिकावं यासाठी आधी घरच्यांशी भांडून पाहतो. नाहीच जमलं तर तिला तयार करतो. शिकवण्याचं फार थोडं सांगतो. रोज एक पान मोठ्याने वाचून घ्यायचं, ओळीखाली बोट ठेवून. बोट थांबलं की आपण शब्द सांगायचा नाही, अक्षरं फोडून त्यालाच म्हणायला लावायचं. पाच शब्द पाटीवर लिहून घ्यायचे. एक पाढा. एवढंच, त्याहून जास्त काही नाही. जास्त सांगितलं की तेही होत नाही.

नाताळाच्या आसपास किंवा संक्रांतीला सुट्टी जोडून मी जवळच्या टोळ्यांकडे जातो. लातूर तालुक्यात मांजरेकाठच्या एका फडावर मागच्या हंगामात बराच वेळ बसलो होतो. कोप्यांची एक ओळ, मध्ये झोळीत झोपलेलं बाळ, आणि झोळीची दोरी पायाने ओढत पाटीवर शब्द लिहून देणारी आमची ताई. समोर दोन भाऊ, एक पहिलीतला, एक तिसरीतला. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या टोळीची आणखी तीन लेकरं येऊन बसलेली. त्यांच्याकडे पुस्तक नव्हतं. तिने तिसरीच्या भावाला पहिलीच्या भावाचं वाचन घ्यायला सांगितलं आणि स्वतः नव्या तिघांना फ्लेक्सवरची बाराखडी म्हणायला लावली. बहुवर्ग अध्यापनावर आम्हाला जी प्रशिक्षणं होतात, त्यांत सांगतात ते हेच.

वेळ मात्र तिची तिने ठरवली होती. टोळी निघताना मी सांगितलं होतं, सकाळी दहाला बसा. फडावर दहा कधी वाजतात ते कुणाला कळत नाही. तिने अभ्यास चुलीला बांधला. संध्याकाळी याडी, म्हणजे आई, चूल पेटवते, बाटी थापायला बसते, तेवढा वेळ ती एका जागी असते. चूल पेटली की पाटी काढायची. ती वेळ पुढे-मागे होते, पण चूल रोज पेटतेच. त्या अर्ध्या तासात लेकरं आईला वाचून दाखवतात. आईला अक्षर येत नाही. मी विचारलं, "चुकलं ते तुम्हाला कसं कळतं?" ती म्हणाली, "सर, बोलल्यासारखं वाचलं की बरोबर. अडकत अडकत वाचलं की पुन्हा वाच म्हणते." वाचनाची याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाही. निरक्षर आई लेकराला शिकवू शकत नाही, असं आम्ही शिक्षक सहज बोलून जातो. ते खरं नाही. ती ऐकू शकते, आणि पहिली-दुसरीच्या लेकराला रोज कुणीतरी ऐकणारं लागतं.

गणिताचं साहित्य फडावर भरपूर आहे. काट्यावरून आलेली वजनाची पावती असते. तिच्यावर भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि निव्वळ वजन. म्हणजे पहिल्यातून दुसरं वजा करायचं, हातचा घेऊन. तिसरीच्या पोराने ही वजाबाकी बापाच्या चार पावत्यांवर केली आणि उत्तर छापलेल्या आकड्याशी जुळवून पाहिलं. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. दोन टनांचे ७३२, अर्ध्या टनाचे १८३. हा अपूर्णांक घरात सगळ्यांना महत्त्वाचा वाटतो, म्हणून पोरगं तो विसरत नाही. बाप शेजारी बसून ऐकत होता. उचलीतून किती फिटले हा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. तो आपल्याही वहीत असावा, हे त्या संध्याकाळी त्यालाच सुचलं.

भाषेची अडचण याहून मोठी. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी. टोळी कर्नाटकात गेली की आजूबाजूला सगळी कन्नड. महाराष्ट्रातल्या फडावर जवळच्या शाळेत मूल बसू शकतं, बेळगावच्या पुढे खेड्यातल्या कन्नड शाळेत पहिलीतलं पोर नुसतं बसून राहतं. तिथे गाठोड्यातलं पुस्तक आणि बापाच्या फोनवर पाठवलेला आवाजी निरोप, एवढीच मराठी. फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज होतो, रेंज असली तर निरोप पोचतो. मी गोष्ट वाचून पाठवतो, लेकरं तिकडून वाचून पाठवतात. मागे कोयत्याचे आवाज येत असतात.

गाठोड्यात आणखी एक कागद असतो, शिक्षण हमी पत्रक. मूल कोणत्या वर्गात आहे, त्याला काय येतं, हे त्यावर लिहिलेलं असतं. ते दाखवलं की जिथे टोळी उतरली तिथल्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचं. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात देतो. पूर्वी साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालत. औरंगाबादच्या जनार्थ संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला हे काम मोठ्या प्रमाणावर केलं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि साखरशाळेऐवजी मुलाने नियमित शाळेतच बसावं हे धोरण आलं. तत्त्व बरोबर आहे. पण शाळा दोन किलोमीटरवर, वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांचा रस्ता, आणि सकाळी पोचवायला कुणी नाही. एका ठिकाणी तर पत्रक दाखवूनही "पट संपलाय, पुढच्या वर्षी या" असं उत्तर एका आईला मिळालं होतं.

पट्टा पडून लेकरं परतली की मी प्रत्येकाला शेजारी बसवून वाचून घेतो. ज्यांच्या कोपीत रोज मोठ्याने वाचन झालं, त्यांचं वाचन टिकलेलं असतं, काहींचं वाढलेलंही असतं. अक्षर बिघडतं. तोंडी हिशेब वर्गातल्या इतरांपेक्षा पक्का होतो. भागाकार बहुतेकांचा जातो, कारण तो ताईलाच नीट येत नसतो. कविता, खेळ, सोबती आणि शाळेतलं रोजचं गरम जेवण, हे कुठल्याही गाठोड्यात बांधता येत नाही. जी लेकरं पुस्तकाविना गेली, ती मात्र जिथे होती त्याच्याही मागे गेलेली असतात. पुढच्या दिवाळीत ती आणखी मागे जातात, आणि चौथी-पाचवीत एक दिवस हातात कोयता येतो. ज्यांची शाळा पूर्ण सुटली त्यांना राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवीची आणि आठवीची परीक्षा देता येते, हे तांड्यावर फार थोड्यांना माहीत आहे.

लातूरला शिकायला महाराष्ट्रभरातून मुलं येतात. अकरावी-बारावीसाठी आया खोल्या करून राहतात, लेकराचा डबा सांभाळतात. त्याच जिल्ह्यातल्या जळकोट-अहमदपूरकडच्या तांड्यांवरून आणि शेजारच्या मुखेड-कंधारमधून लेकरं दरवर्षी शाळा सोडून निघतात. त्यांच्या आयांनाही लेकराच्या शिकण्याची तितकीच ओढ असते, हे मी चुलीपाशी बसून पाहिलेलं आहे.

तुमच्या गावच्या शिवारात या हंगामात टोळी उतरली असेल, तर एकदा कोप्यांकडे जाऊन या. सहा ते चौदा वयाची लेकरं किती आहेत ते विचारा आणि त्यांना तुमच्या शाळेत घेऊन जा. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयानुसार वर्ग द्यावा लागतो, असं कायदाच सांगतो. गुरुजी कां-कूं करू लागले तर तेवढं त्यांना सांगा. आणि शाळा लांब असेल तर घरातली जुनी गोष्टींची पुस्तकं आणि दोन पाट्या कोपीत देऊन या.